रोड बाइकचा क्रँक फिक्सीवर: साडेसहा मिलिमीटरची गोष्ट

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे करतोय. सव्वा मिनिटाची नोट होती, मागे मिक्सर चालू, त्यामुळे दोनदा ऐकावी लागली. मुद्दा असा, की एका ऐकणाऱ्या मित्राने सेकंडहँड ट्रॅक फ्रेम घेतलीय, चाकं जमवलीत, आणि मोठ्या भावाच्या जुन्या रोड बाइकचा क्रँकसेट माळ्यावर पडून आहे. "दादा, तोच लावला तर चालेल ना? ट्रॅकचा नवीन घ्यायचा तर बजेट बोंबलतंय."

चालेल. शंभर टक्के चालेल, मी स्वतः चार वर्षं रोडचाच क्रँक वापरतोय. पण पहिल्या वेळी मी तो जसा लावला तसा लावू नकोस. कारण मी लावला आणि आठव्या दिवशी चांदणी चौकाकडून कोथरूडला उतरताना रस्त्यावर आडवा झालो. त्यामुळे आजचा भाग जरा लांब आहे. चहा घेऊन बसा.

ज्यांना फिक्स्ड गियर म्हणजे काय हेच माहीत नाही त्यांच्यासाठी अर्धा मिनिट. आपल्या नेहमीच्या सायकलीत मागे फ्रीव्हील असतं. पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं आणि तो टिकटिक आवाज येतो. फिक्सीत फ्रीव्हीलच नाही. मागचा कॉग हबला घट्ट. चाक फिरलं की पायडल फिरणार, पायडल फिरलं की चाक फिरणार. उतारावर पाय सोडून आराम वगैरे काही नाही. वेग कमी करायचा तर पायांनी उलटा जोर द्यायचा. व्हेलोड्रोमवरच्या सायकली अशा असतात, म्हणून हिला ट्रॅक फ्रेम म्हणतात. दिल्लीत इंदिरा गांधी संकुलात २५० मीटरचा लाकडी व्हेलोड्रोम आहे, तिथल्या सायकलींना तर ब्रेकही नसतात. रस्त्यावर मात्र पुढचा ब्रेक हवाच. ह्यावर माझ्याशी वाद घालायला इन्स्टावर येऊ नका, मी उत्तर देणार नाही.

आता माझी गोष्ट. फ्रेम मिळाली होती, चाकं होती. जुन्या बाजारात एका रविवारी मला पाच काड्यांचा ॲल्युमिनियमचा रोड डबल क्रँक मिळाला. डबल म्हणजे दोन चेनरिंगा: बाहेर ५३ दात्यांची, आत ३९ ची. मी काय केलं, तर आतली काढून टाकली, बाहेरची मोठी ठेवली. मोठी रिंग दिसायला भारी ना! बॉटम ब्रॅकेट जवळच्या दुकानात मिळालं ते घेतलं, ११८ मिमी एक्सलचं. बसलं, फिरलं, फोटो काढला, स्टोरी टाकली. सात दिवस काही झालं नाही.

आठव्या दिवशी उतारावर मी वेग आवरायला पायांनी मागे जोर लावला आणि खाली खडाक् असा आवाज आला. चेन पुढच्या रिंगवरून आतल्या बाजूला पडली, मागे कॉग आणि फ्रेम यांच्यामध्ये अडकली आणि मागचं चाक जागच्या जागी लॉक झालं. पुढचा ब्रेक होता म्हणून सायकल आडवी होता होता बऱ्यापैकी थांबली होती. कोपर सोललं, पँट गेली. मागून बस येत होती, तिच्या ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला आणि मग खिडकीतून माझ्या खानदानाचा उद्धार केला. त्यात त्याचं काही चुकलं नाही.

सायकल उचलून आमच्या गल्लीतल्या सायकलवाल्या काकांकडे नेली. काकांचं सगळं आयुष्य कॉटर पिनच्या क्रँकमध्ये गेलेलं. म्हणजे काळ्या, रॉड ब्रेकच्या दणकट सायकली असायच्या ना, त्यांच्या क्रँकला एक पाचर ठोकलेली असते, ती. फिक्सी त्यांनी आयुष्यात दोनदा पाहिली असेल. त्यांनी एक लांब पट्टी घेतली, पुढच्या रिंगला चिकटवली, मागे कॉगकडे डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले, "अरे, हे तिरकंय की. पुढचं बाहेर, मागचं आत. कुणी बसवलं?"

मी म्हटलं, "मीच काका."

"मग बरंय," म्हणाले, "शिव्या घालायला गिऱ्हाईक समोरच आहे."

ह्या तिरकेपणाला चेनलाइन चुकणं म्हणतात. चेनलाइन म्हणजे सायकलच्या उभ्या मध्यरेषेपासून चेन किती मिमी बाहेर धावते ते अंतर. पुढे एक चेनलाइन, मागे एक. दोन्ही आकडे सारखे असले की चेन सरळ. ट्रॅकच्या सामानात हा आकडा साधारण ४२ मिमी असतो. जुन्या रोड डबल क्रँकमध्ये दोन रिंगांच्या मधोमध ४३.५ मिमी धरतात. म्हणजे आतली रिंग सुमारे ४१ वर आणि बाहेरची सुमारे ४६ वर. हे कागदावरचे आकडे झाले, आणि तेही योग्य लांबीचा एक्सल असेल तर. माझा एक्सल लांब होता. आम्ही मोजलं तेव्हा माझी बाहेरची रिंग ४८.५ वर निघाली. मागे ४२. फरक साडेसहा मिलिमीटर!

इथे लगेच प्रश्न येतो, आणि मलाही तेव्हा पडला होता: गियरच्या सायकलीत तर चेन ह्याच्यापेक्षा जास्त तिरकी धावते, तिथे का पडत नाही? हे नीट समजून घ्या, कारण सगळा खेळ इथेच आहे.

चेनचा वरचा भाग मागून पुढे जातो. तो पुढच्या रिंगच्या माथ्यावर येऊन दात्यांत बसतो. साध्या सायकलीत आपण पायडल मारतो तेव्हा हा वरचा भाग ताणलेला असतो, त्यामुळे चेन दात्यांवर खेचून बसवली जाते. खालचा भाग सैल असतो, पण तो सांभाळायला डिरेलरची स्प्रिंग असते. पाय थांबवले तर चेनही थांबते, मग पडायचा प्रश्न कमीच. आणि पडली तरी चाक आपलं फिरत राहतं.

फिक्सीत तुम्ही उलटा जोर लावला की चित्र पालटतं. आता चाक चेनला ओढतंय. खालचा भाग ताणला जातो आणि वरचा सैल होतो. म्हणजे नेमका जो भाग पुढच्या रिंगवर येऊन बसायचाय, तोच ढिला लोंबकळत येतोय. त्यात तो तिरका येत असेल तर दात्याच्या टोकावर चढतो आणि घसरतो. म्हणून फिक्सीची चेन सपाट रस्त्यावर जोरात मारताना बहुतेकदा पडत नाही. ती पडते उतारावर, वेग आवरताना. म्हणजे अगदी जिथे पडायला नको तिथे. माझे पहिले सात दिवस नीट गेले कारण मी सात दिवस कर्वे रोड आणि डेक्कनच्या सपाटीवरच फिरत होतो.

तर आता उपाय. पहिली गोष्ट, मोजा. अंदाजे नाही, व्हर्निअर कॅलिपरने. साधा प्लास्टिकचाही चालतो. मागचं सोपं आहे: ट्रॅक हबची रुंदी लॉकनटपासून लॉकनटपर्यंत बहुतेकदा १२० मिमी असते. अर्धे ६०. आता उजव्या लॉकनटच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून कॉगच्या दात्याच्या मध्यापर्यंत आत किती अंतर आहे ते मोजा. समजा १८ आलं. ६० वजा १८, म्हणजे ४२. झाली मागची चेनलाइन. तुमची फ्रेम रोडची असेल आणि हब १३० चं असेल, तर अर्धे ६५ धरा, पद्धत तीच.

पुढचं मोजताना सीट ट्यूबची मदत घ्यायची. जुन्या स्टीलच्या फ्रेमची सीट ट्यूब बहुधा २८.६ मिमी जाड असते. तिचे अर्धे १४.३. ट्यूबच्या उजव्या कडेपासून चेनरिंगच्या दात्याच्या मध्यापर्यंत अंतर मोजायचं, त्यात १४.३ मिळवायचे. २७.७ आलं तर बेरीज ४२. ट्यूब जाड किंवा अंडाकृती असेल तर तिची जाडी आधी मोजा, माझा आकडा आंधळेपणाने वापरू नका. आणि एकदाच मोजू नका. क्रँक चार ठिकाणी फिरवून मोजा, कारण जुन्या रिंगा वाकलेल्या असतात.

[वाचणाऱ्यांसाठी: इथे रेकॉर्डिंगमध्ये मी क्रँक टेबलावर ठेवून कॅलिपर लावतोय, म्हणून खडखडाट ऐकू येतो. चेनलाइन मोजताना चाक फ्रेममध्ये मधोमध बसलंय ना, हे आधी बघून घ्या.]

किती फरक चालतो? माझं मत: एक मिमीच्या आत ठेवा. दोन म्हणजे हद्द झाली. त्याच्यावर गेलात तर आवाज वाढतो, कॉग झिजतो आणि मग कधीतरी तो खडाक्.

आता जमवायचं कसं? रोड डबल क्रँकची गंमत अशी, की त्याची आतली जागा जवळजवळ ट्रॅकच्याच चेनलाइनवर असते. ४१ आणि ४२, फरक एकाचा. म्हणजे रिंग बाहेर नाही, आत बसवायची. मी नेमकं उलटं केलं होतं. आत बसवली की पाच मिमी आपोआप मिळतात. माझे ४८.५ चे ४३.५ झाले. उरले दीड.

हे दीड मिमी एक्सल बदलून काढायचे. चौकोनी टोकाचा एक्सल असेल तर तो वेगवेगळ्या लांबीत मिळतो: १०३, १०७, ११०, ११३, ११५, ११८ वगैरे. एक्सल दोन्ही बाजूंना सारखा असेल तर लांबी जेवढी कमी कराल त्याच्या निम्मी चेनलाइन आत येते. मला दीड हवे होते, म्हणजे एक्सल तीन मिमीने लहान. ११८ चा ११५. बसवला, मोजला, ४२ ला केसभर कमी. काका म्हणाले, "आता बोल." बोलायला काही नव्हतं.

उलट परिस्थिती असेल, म्हणजे रिंग थोडी जास्त आत असेल, तर कार्ट्रिज बॉटम ब्रॅकेटच्या उजव्या कडेखाली एक मिमीची पातळ चकती टाकून सगळं बाहेर सरकवता येतं. आत सरकवायला मात्र चकती कामाची नाही.

एक्सल घेताना अजून एक खाच आहे, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. चौकोनी टोकं दोन मापांत येतात, जे.आय.एस. आणि आय.एस.ओ. उतार दोघांचा सारखाच, दोन अंशांचा. पण टोकाची जाडी वेगळी. शिमानोचे चौकोनी क्रँक जे.आय.एस. आहेत, कॅम्पाग्नोलोचे आय.एस.ओ. आय.एस.ओ.चा क्रँक जे.आय.एस.च्या एक्सलवर घातला तर तो पूर्ण आत जात नाही, सुमारे साडेचार मिमी बाहेरच थांबतो. आणि जे.आय.एस.चा क्रँक आय.एस.ओ.वर घातला तर जास्त आत जातो, कधीकधी एक्सलचं टोक बाहेर येऊन बोल्ट क्रँकला दाबायच्या ऐवजी एक्सललाच जाऊन टेकतो. मग तुम्हाला वाटतं घट्ट झालं, आणि क्रँक आतून डुलत असतो. फिक्सीत क्रँकवर पुढे-मागे दोन्ही दिशांनी जोर येतो, त्यामुळे डुलणारा क्रँक चौकोनी भोक फार लवकर खाऊन टाकतो. ॲल्युमिनियम मऊ. एकदा भोक गोल झालं की तो क्रँक भंगारात.

व्हॉइस नोटवाल्या मित्रा, तुझा क्रँक जर नवीन पद्धतीचा असेल, म्हणजे २४ मिमीचा जाड पोकळ एक्सल उजव्या क्रँकलाच जोडलेला, हॉलोटेक टू म्हणतात तो, तर तुझ्याकडे एक्सल बदलायची सोयच नाही. चेनलाइन ठरलेली. चांगली बातमी अशी, की आतली जागा तिथेही ४१ च्या आसपास येते. फ्रेमच्या शेलला साधी ६८ मिमीची ब्रिटिश आटी असली की बाहेरून बेअरिंगचे कप बसतात. मग रिंग आत लाव, मोज, आणि फरक एक मिमी असेल तर सोडून दे. मात्र चार काड्यांचे नवे क्रँक असतात, त्यांची भोकं सारख्या अंतरावर नसतात. पाच भोकांची रिंग त्यांना बसत नाही, त्या मापाचीच शोधावी लागते.

त्यावरून रिंगकडे येऊ. पाच बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याच्या व्यासाला बी.सी.डी. म्हणतात. कुठल्याच बोल्टाच्या बरोबर समोर दुसरा बोल्ट नसल्यामुळे व्यास थेट मोजता येत नाही, म्हणून शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांमधलं अंतर मोजायचं. ७६.४ मिमी आलं तर १३० बी.सी.डी., म्हणजे नेहमीचा रोड. ६४.७ आलं तर ११०, कॉम्पॅक्ट. ७९.४ म्हणजे १३५, कॅम्पाग्नोलोचा. आणि ८४.६ आलं तर १४४. १४४ ला सगळे ट्रॅकचं माप म्हणतात, पण कॅम्पाग्नोलोच्या जुन्या रोड क्रँकवरही हेच माप होतं. रोडवाले पुढे लहान रिंगांसाठी ते सोडून गेले, ट्रॅकवाले तिथेच राहिले. म्हणजे कुणाच्या आजोबांची इटालियन सायकल धूळ खात पडली असेल तर तिच्या क्रँकवर ट्रॅकच्या रिंगा थेट बसतील. असं काही सापडलं तर आधी मला मेसेज करा.

मोठी रिंग आत आणली की ती चेनस्टेला, म्हणजे मागे चाकाकडे जाणाऱ्या उजव्या नळीला, घासत नाही ना हे बघावं लागतं. रोड क्रँकची आतली जागा ३९ दात्यांसाठी बनवलेली, तुम्ही तिथे ४८ ची लावताय. ट्रॅक फ्रेमला सहसा त्रास होत नाही, रोडच्या फ्रेमला होऊ शकतो. माझी मोजायची पद्धत: चार जुनी एटीएम कार्डं एकावर एक ठेवा. साधारण तीन मिमी होतात. ती रिंग आणि नळीच्या मधून सहज गेली पाहिजेत. अडकली तर उभं राहून चढ चढताना फ्रेम लवते आणि दाते रंग खरवडतात. डावा क्रँकही बघा. एक्सल लहान केलात की तोही नळीच्या जवळ येतो, आणि तिकडे कुणी बघतच नाही.

कुठली रिंग घ्यायची? रोडच्या नव्या रिंगांना आतल्या अंगाला खाचा आणि छोट्या पिना असतात, काही दाते मुद्दाम आखूड केलेले असतात. कशासाठी? तर चेन एका रिंगवरून दुसऱ्या रिंगवर पटकन उडी मारावी म्हणून. म्हणजे ती रिंग चेन सोडून देण्यासाठीच बनवलीय! आणि आपल्याला अशी रिंग हवी जी चेन कधीच सोडणार नाही. माझी ५३ ची रिंग अशीच खाचावाली होती. तिरकी चेन, ढिला वरचा भाग आणि सोडून द्यायला उत्सुक रिंग, तिन्ही एकत्र. मी पडलो ह्यापेक्षा सात दिवस पडलो नाही हेच नवल. आखूड दाते नसलेली, साधी, सगळे दाते सारखे असलेली रिंग घ्या. जुन्या ५२-४२ च्या क्रँकसेटमधली आतली ४२ ची बहुतेकदा अशी साधी असते. मी तीच शोधली.

जाडीचंही बघा. रोडच्या रिंगा आणि चेन ३/३२ इंची, ट्रॅकच्या १/८ इंची. जाड चेन पातळ रिंगवर चालते, थोडा आवाज करते इतकंच. पातळ चेन जाड रिंगवर बसतच नाही. म्हणजे रिंग रोडची आणि कॉग ट्रॅकचा असेल तर चेन १/८ ची घ्या, प्रश्न मिटला.

आणि बोल्ट. हे लोक हमखास विसरतात. डबल क्रँकचे बोल्ट दोन रिंगांच्या जाडीसाठी असतात. एक रिंग काढली की तेच बोल्ट लांब पडतात: नट आणि बोल्ट एकमेकांना जाऊन टेकतात, हाताला घट्ट लागतं, पण रिंग मोकळी हलत असते. एका रिंगचे आखूड बोल्ट वेगळे मिळतात, ते घ्या. नाही मिळाले तर जुना जुगाड आहे: बाहेरच्या जागेवर जुनी झिजलेली मोठी रिंग, दाते पूर्ण घासून काढून, तशीच ठेवायची. जुने बोल्ट बरोबर बसतात, चेन बाहेर पडत नाही आणि पँटही वाचते. काकांनी माझ्या ५३ च्या रिंगचं हेच केलं. ग्राइंडरवर धरून अर्ध्या तासात सगळे दाते उडवले. फार समाधानाने.

आता क्रँकची लांबी, कारण इथे मिलिमीटर थेट तुमच्या हाडांशी बोलतात. रोडचे क्रँक १७०, १७२.५, १७५ मिमी असतात. ट्रॅकचे साधारण १६५. साध्या सायकलीवर वळताना आपण आतलं पायडल वर ठेवतो. फिक्सीत तसं करताच येत नाही, पायडल फिरतच राहणार, आणि वळणात आतल्या बाजूला खाली आलं तर रस्त्याला लागणार. लागलं की मागचं चाक उचललं जातं. ट्रॅक फ्रेमचा बॉटम ब्रॅकेट ह्यासाठीच रोडपेक्षा थोडा उंच ठेवतात.

हिशोब करून बघू. समजा बॉटम ब्रॅकेट जमिनीपासून २७५ मिमी उंच. १६५ चा क्रँक असेल तर खाली आल्यावर पायडलचा दांडा ११० मिमीवर. पायडलची जाडी वगैरे १५ धरली तर उरले ९५. पायडलची बाहेरची कड मध्यरेषेपासून साधारण १७० मिमीवर असते. म्हणजे सायकल सुमारे २९ अंश कलली की पायडल टेकतं. तोच १७५ चा क्रँक लावला तर उरतात ८५, आणि कोन २६-२७ अंशांवर येतो. आता रोडची फ्रेम घ्या, उंची २६५. १७५ च्या क्रँकने कोन जेमतेम २४. दोन-अडीच अंश म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पावसाळ्यात खड्डा चुकवताना झटकन कलंडता तेव्हा कळतं. १७० पर्यंत माझी हरकत नाही. १७५ चा असेल तर मी म्हणेन, विकून टाक आणि लहान घे. लांब क्रँकने वळताना बुटाचं टोकही पुढच्या टायरला लागतं, ती वेगळीच गंमत.

दाते किती, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात आणि मला त्यात सगळ्यात कमी रस आहे, म्हणून पटकन. माझं ४२ ला १६. क्रँकच्या एका फेरीत चाक २.६२५ वेळा फिरतं, सायकल साडेपाच मीटर जाते. मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या तर ताशी ३० किमीच्या आसपास. आणि उतारावर ४५ चा वेग झाला तर पाय मिनिटाला १३६ वेळा फिरणार, ते थांबवता येत नाहीत. म्हणून ब्रेक. जे चाक लॉक करून घसरवतात त्यांच्यासाठी: दात्यांचा अपूर्णांक छोटा करा, खालचा आकडा म्हणजे टायर किती जागी घासला जाणार ते. ४८/१६ चं होतं ३/१, म्हणजे टायर एकाच जागी घासून फाटणार. ४२/१६ चं २१/८, आठ जागा. ४२/१७ ला सतरा.

बसवताना. ब्रिटिश आटीत उजवा कप उलट्या आटीचा असतो, घट्ट करायला घड्याळाच्या उलट फिरवायचा. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी फ्रेमच्या आट्या गेल्यात. शेल ७० मिमीचं असेल तर बहुधा इटालियन आटी आहे, तिथे दोन्ही बाजू सरळ. आटीला ग्रीस लावा. क्रँक काढायला एक्स्ट्रॅक्टर वापरा, हातोडी नाही. चौकोनी क्रँकचा बोल्ट ३५ ते ४५ न्यूटन मीटरला आवळायचा. टॉर्क पान्हा नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्या दुकानात पाच मिनिटं जा. पहिल्या ५० किमीनंतर एकदा तपासा, पण रोज रोज आवळत बसू नका. दरवेळी क्रँक थोडा आत सरकतो आणि तुमची चेनलाइनही बदलते.

चेनचा ताण शेवटी. मधोमध बोटाने वरखाली केली तर अर्धा इंच हलली पाहिजे. जुन्या रोड रिंगा बऱ्याचदा पूर्ण गोल बसत नाहीत, त्यामुळे क्रँक फिरवताना चेन एका जागी तंग, दुसऱ्या जागी ढिली होते. रिंगचे बोल्ट थोडे सैल करा, चेन जिथे सगळ्यात तंग आहे तिथे थांबा, चेनवर हलकेच टकटक मारा, रिंग जराशी सरकते. फिरवा, पुन्हा बघा. तीन-चार वेळात जमतं. मग बोल्ट एकाआड एक आवळा.

आणि हे करताना, प्लीज, चाक फिरत असताना चेनजवळ बोट किंवा फडकं न्यायचं नाही. साध्या सायकलीत बोट अडकलं तर चेन थांबते. फिक्सीत फिरणाऱ्या चाकाचा सगळा जोर चेनमध्ये असतो, ती बोट घेऊन कॉगवरून जाते. चेन पुसायची असेल तर चाक थांबवा, थोडी पुसा, हाताने थोडं फिरवा, पुन्हा थांबवा. काका मला तिथेच ओरडले होते, "हात काढ आधी!" त्यांनी एवढ्या जोरात पहिल्यांदाच आवाज चढवला.

तर मित्रा, तू मला तीन आकडे पाठव: मागची चेनलाइन, क्रँकवर कोरलेली लांबी, आणि दोन बोल्टांमधलं अंतर. क्रँकच्या मागच्या बाजूचा एक फोटो पण टाक, तिथे मॉडेल नंबर असतो. आणि तोपर्यंत भावाला विचारून घे क्रँक नक्की तुला दिलाय का ते. पुढच्या भागात मागच्या लॉकरिंगवर बोलू, त्याची आटी उलटी का असते ते. भेटू.